माहेरचं नाव

"नाव मागाहून इचार गो पोरी. आधी इचार, बाय तू कोनाची."

आक्काचा हा आवाज वैशालीच्या कानावर पडला त्याला सोळा वर्षं झाली. नवी नर्स म्हणून ती राहनाळच्या पुढच्या खारआळीत आली होती. हातात ऑर्डरचा कागद, पायात माहेरगावची माती. उपकेंद्राच्या दारात उभ्या असलेल्या पहिल्याच बाईला तिनं नाव विचारलं, तर बाई पदराचं टोक दातात धरून गप्प. कुठलं सांगू, असं तिच्या डोळ्यांत होतं. तेव्हा आतून, कात्र्या उकळायच्या पातेल्याच्या वाफेतून, तिथली जुनी नर्स आक्का बोलली. मशेरीनं जाडावलेला आवाज, पण निजलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसा.

आक्काच्या वहीत छापील रकान्यांच्या शेजारी एक रकाना जास्तीचा होता. तिनंच पट्टी धरून आखलेला. त्यात ती माहेरचं नाव लिहायची. कारण या पट्ट्यात पोरगी एका नावानं मांडवात बसते आणि दुसऱ्या नावानं उठते. ताटातल्या तांदळावर नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, सगळे वाकून वाचतात, आणि सासरच्या उंबऱ्यात तीच हाक सुरू होते. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येते, तेव्हा जुनं नाव दारात तिची वाट बघत बसलेलं असतं. एकच बाई, एकच पोट, आणि दोन गावांत दोन नावं. आक्कानं ते आपल्या वहीला शिकवलं होतं.

आक्का रिटायर झाली, पुढं वारली. चार वर्षांपूर्वी टॅब आला आणि वहीही गेली. टॅबमध्ये नावाला एकच चौकट होती.

खारआळीतल्या तऱ्यांच्या मनालीला जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते, तेव्हा दीपेश उपकेंद्रात आला. तालुक्याच्या ऑफिसात तो डेटा बघायचा, आणि कुठल्या नर्सची किती नोंद राहिली ते त्याला तोंडपाठ असायचं. मनाचा वाईट नव्हता. पंख्याखालची खुर्ची ओढून त्यानं टॅब वैशालीपुढं सरकवला. टेमघरच्या आरोग्य केंद्राची यादी उघडी होती, आणि तिच्यात एक नाव लाल होऊन बसलं होतं. उन्नती प्रितम मढवी, वय बावीस, पहिलं बाळंतपण, तपासणीची तारीख उलटली, आली नाही. खारआळीच्या यादीत मनाली केसरीनाथ तरे, वय बावीस, हिच्यापुढं काळी खूण होती. माता मृत. बाळ मृत.

एकीची राख खाडीत सोडून झाली होती, आणि दुसरी अजून नववा महिना काढत होती.

गुरुवारी वरच्या साहेबांची मीटिंग आहे, दीपेश सांगू लागला. मातामृत्यू म्हटला की वर सगळं लागतं, तारखेसकट, कारणासकट. या दोघी एकच, हे मशीनला कळवायचं तर आईचा जबाब हवा, अंगठ्यासह. आणि हॉस्पिटलात उशीर का झाला, त्याचं कारण यादीतून निवडायचं. त्यानं ते आधीच निवडून आणलं होतं. नातेवाइकांनी रुग्णाचे चुकीचे नाव सांगितले.

वैशालीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. हे कुणी ठरवलं, म्हणून विचारलं.

"ठरवायचं काय त्यात? आई स्वतःच अख्ख्या गावाला सांगत फिरते ना," दीपेश म्हणाला. "म्हातारी अंगठा देईल, फाईल बंद, मामला खतम. नाहीतर मॅडम, वरून लॉग मागवतील. लॉगमध्ये सगळं असतं. कुणी, कधी, काय दाबलं. सेकंदासकट."

हे बोलताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत बोलला. तेवढी माया त्याच्यात होती. सोळा वर्षं कंत्राटावर काढलेली बाई, दरवर्षी नव्यानं सही होते तेव्हा कुठं तिची नोकरी राहते, हे त्याला माहीत होतं. जाताना दारात थांबून म्हणाला, चहा प्या मॅडम, चेहरा उतरलाय तुमचा.

*

मनाली पहिल्यांदा तपासणीला आली तो गुरुवार होता. गुरुवारी गरोदर बायांची तपासणी. अठरा जणी व्हरांड्यात, कुणी भिंतीला टेकून, कुणी पाय पसरून. रेंज फक्त पाण्याच्या माठाशेजारच्या खिडकीत यायची, म्हणून वैशालीनं टेबलच तिथं ओढलं होतं, आणि एकेकीला तिथं बोलवायची. टॅब प्रत्येकीला चार-चारदा विचारायचा, माहिती देण्यास तुमची संमती आहे का, आणि चार-चारदा हो म्हणावं लागायचं. पुतळाबाई, तिसऱ्या खेपेची, कंबरेवर हात ठेवून म्हणाली होती, "इतक्या दा हो त मी भटालाबी बोल्ली नव्हती गो." व्हरांडा हसला होता. मनालीही हसली होती, आईच्या खांद्याला धरून.

मनालीला वैशाली ओळखत होती. शाळेत लस टोचायला गेलं की जांभळीवर चढून बसणारी पोर. वरून ओरडायची, खाली येनार न्हाय. तिच्या आईनं, हौसानं, सातवा सरल्यावर तिला माहेरी आणली होती. पाय जरा सुजलेले, पण चेहऱ्यावर तजेला. आधार कार्डावर अजून मनाली केसरीनाथ तरेच होतं. ते बदलायला कुणाला सवड होती? कागदाची कार्डं वरून यायची बंद झाली होती. सगळं टॅबात आहे, असं सासरी, टेमघरच्या केंद्रात सांगून त्यांनी तिला रिकाम्या हातानं पाठवलं होतं.

वैशालीनं आधारवरून नाव, जन्मतारीख घातली, नवऱ्याचं नाव घातलं. टॅब थोडा थांबला, आणि पिवळी चौकट उघडली. याच माहितीची लाभार्थी टेमघर येथे नोंदलेली आहे. उन्नती प्रितम मढवी. ही तीच व्यक्ती आहे का? खाली दोन बटणं. हो. नाही.

वैशालीनं मनालीला विचारलं, सासरी काय नाव घातलंय गो तुझं? मनाली मान खाली घालून म्हणाली, उन्नती. अजून त्या नावाला माझी मान वळत नाही, असंही म्हणाली, आणि मायलेकी दोघी हसल्या.

हो दाबलं असतं तर नवऱ्याच्या, प्रितमच्या फोनवर ओटीपीचा आकडा गेला असता, आणि तो आकडा घातल्याशिवाय टेमघरचं पान इकडं येत नव्हतं. प्रितम गोदामात पॅकिंगला. फोन गेटवर जमा, शिफ्ट सुटल्यावर परत. तोवर पान अडकून बसलं असतं, मागच्या सगळ्या जणी अडकल्या असत्या, आणि खिडकीतली रेंज बारानंतर टिकत नव्हती. ट्रेनिंगमध्ये दीपेशनंच सगळ्या नर्सेसना सांगितलं होतं, मॅडम लोक, टाइमपास नका करू, सरळ नाही मारायचं, मागाहून आपण जोडून घेऊ. सगळ्याच तसं करत होत्या. वैशालीनं याआधीही केलं होतं, बारा-पंधरा जणींना. मागाहून कुणी जोडलं नव्हतं. कुणाचं काही बिघडलंही नव्हतं.

तिनं नाही दाबलं. नवं पान उघडलं. पांढरंशुभ्र, कोरं.

त्या पिवळ्या चौकटीमागं, उन्नतीच्या पानावर, वाढलेल्या रक्तदाबाचे आकडे होते. लघवीचा रिपोर्ट होता. जोखमीची माता म्हणून लाल खूण होती, आणि रोज घ्यायच्या गोळ्यांची नावं होती. मनाली म्हणाली, टेमघरच्या गोळ्या परवा संपल्या. वैशालीला वाटलं, रक्तवाढीच्या. तिनं लाल गोळ्यांची पाकिटं दिली. त्या दिवशीचा दाब थोडा वरच होता. उन्हातून चालत आली म्हणून असेल, असं मनाशी म्हणून तिनं आकडा नोंदवला, आणि पुढच्या गुरुवारी नक्की ये म्हणून सांगितलं. रांगेतली पुढची बाई टेबलाशी आलीच होती.

मंगळवारी सकाळी मनालीचं डोकं फुटायला आलं. डोळ्यांपुढं काजवे. हौसानं रिक्षा केली आणि तिला शहरातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर कॉम्प्युटरवाल्यानं नाव विचारलं. अशा वेळी आईच्या तोंडून कुठलं नाव निघणार? पाळण्यात ठेवलं तेच निघालं. मनाली, मनाली केसरीनाथ. पान उघडलं, त्यावर कसलीच खूण नव्हती. गर्दी फार होती. लाल खुणेच्या बायांना आधी आत घेत होते, बाकीच्यांना बाकावर बसा म्हणत होते. हौसा लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दोनदा उठून सांगून आली. दुसऱ्यांदा कुणीसं म्हणालं, उन्हाचं आहे, लिंबूपाणी पाजा. अडीच तासांनी मनालीला झटके आले.

प्रितम गोदामाच्या निळ्या शर्टात धावत आला तो थेट काउंटरवर. त्यानं सांगितलं, उन्नती प्रितम मढवी. आणि पान लाल उघडलं. मग सगळे धावले. डॉक्टर, सिस्टर, स्ट्रेचर. एवढी माणसं एवढा वेळ कुठं होती, हे हौसाला कळेना. तिला एवढंच दिसलं, की जावयानं दुसरं नाव उच्चारलं आणि सारं हॉस्पिटल उठून उभं राहिलं.

तेव्हापासून ती एकच वाक्य बोलत होती.

*

हौसा धवलारीण. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीला धवला गाणारी बाई. या पट्ट्यात तिच्या आवाजावाचून मांडव पुरा होत नसे. खाडीपलीकडूनही लोक नारळ घेऊन बोलवायला यायचे. मनालीच्या लग्नात स्वतःच्या लेकीला दुसरी कोण गाणार, म्हणून तीच बसली होती. प्रितमनं तांदळावर अंगठी टेकवली आणि हौसानं गळा सोडला. वैशाली त्या दिवशी बायकांत मांडी घालून बसली होती, त्या ओळी तिच्या कानात राहिल्या होत्या.

ताटी पसरिले तांदूल, वर सोन्याची गो मुदी,
नाव नवां लिवीला बायचा, जुनां आयेचे गो हुर्दी.

आता लग्नांचे दिवस होते. मांडव पडत होते, स्पीकर लागत होते, आणि हौसाच्या दारी नारळ घेऊन आलेली माणसं नारळ घेऊनच परत जात होती. ज्या तोंडानं लेक मारली त्या तोंडानं दुसऱ्याची लेक पाठवू का, म्हणायची. सुरुवातीला बाया समजूत घालायच्या. मग समजूत घालणं थांबलं. मग सासरकडून कुणाच्या तरी तोंडून शब्द आला, आमची उन्नती होती, यांनी मनाली केली. तोही हौसानं निमूट ऐकून घेतला. खरंच हाय, म्हणाली.

दहाव्याला वैशाली तिच्याजवळ बसली होती. पाठीवरून हात फिरवत बसली होती, आणि हौसा तिच्या खांद्यावर डोकं टेकून तेच वाक्य बोलत होती. दुसरा नाव सांगला असता त जगली असती. त्या क्षणी वैशालीच्या जिभेवर शब्द आला होता. दाताशी येऊन थांबला. चहा आला, माणसं आली, कुणी पाट सरकवला. उद्या सांगू, तिनं मनाशी म्हटलं. मग तेराव्यानंतर. मग जरा सावरू दे. असे एकोणचाळीस दिवस.

*

दीपेश येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती टॅब आणि अंगठ्याचं यंत्र पिशवीत घालून निघाली. जुन्या शेतांवर आता गोदामांचे पत्रे होते, उन्हानं तापलेले. केसरीनाथ तऱ्यांच्या अंगणाला पलीकडच्या गोदामाची भिंत येऊन टेकली होती. मनालीचा बाप त्या भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. वैशालीला बघून त्यानं उठून जागा दिली. हौसा जेवत नाही म्हणाला, उभ्यानं दोन घास खाते, बस म्हटलं तर बसत नाही. तुझं ऐकते तर सांग तिला. एवढं बोलून तो भिंतीकडं बघत राहिला.

हौसा मागच्या पडवीत सुकट निवडत होती. वैशाली आली म्हणून उठली, हात पुसले, पाणी दिलं.

"ये गो बाय. दीपेसचा फोन आयलता," ती म्हणाली. "अंगठा पायजे ना? घे."

काय लिहिलंय ते तिनं विचारलंही नाही. वैशालीनं यंत्र जोडलं. हौसानं अंगठा ठेवला. यंत्रानं लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. खाडीच्या खारट पाण्यात, भाताच्या कापणीत, चुलीपुढं भाकरी फिरवण्यात तिच्या अंगठ्याच्या रेघा झिजून गेल्या होत्या. साबणानं धुऊन आली. पदराला पुसला. कपाळावर घासला. लाल.

"मेल्याला मीबी वलखीची न्हाय," हौसा म्हणाली, आणि तोंडाचा एक कोपरा हलला, हसण्यासारखा. गेल्या चाळीस दिवसांतलं तेवढंच. वैशालीला ते बघवलं नाही. ती यंत्राची वायर सरळ करत बसली.

न लागला तर बरं, असं तिच्या मनात येऊन गेलं. अंगठा लागत नाही म्हणून कळवू. मीटिंग पुढं जाईल. कदाचित कुणी विसरून जाईल.

पाचव्या वेळी दिवा हिरवा झाला. टॅबवर हौसाचं नाव उमटलं, तिचा जुना फोटो उमटला, कपाळभर कुंकू असलेला, गळा भरून गाणाऱ्या बाईचा. खाली एकच बटण उरलं. सादर करा.

आता हौसा म्हणाली, वाचून तरी दाखव, माझ्या नावानं काय जातंय वर. वैशाली वाचू लागली. मी, हौसा केसरीनाथ तरे, मयत मातेची आई, असे लिहून देते की मनाली व उन्नती ही एकच व्यक्ती असून, रुग्णालयात नेले असता मी तिचे चुकीचे नाव सांगितले, त्यामुळे उपचारास विलंब झाला. हौसा मान हलवत ऐकत होती, प्रत्येक स्वल्पविरामाला, जसं कुणी तिचंच गाणं तिला म्हणून दाखवतंय आणि ते बरोबर येतंय का ते ती बघतेय.

"बरोबर लिवलाय," ती म्हणाली. "दाब."

वैशालीचं बोट बटणापाशी गेलं. गोदामाकडून ट्रकच्या मागं येण्याची शिटी ऐकू येत होती. सुकटीवर एक माशी बसली, हौसानं ती हातानं वारली, आणि टोपलीकडंच बघत, अगदी हळू, दुसऱ्या कुणाला विचारावं तसं तिनं विचारलं.

"बाय, येक सांगशील? खरा सांग. तुज्या या मशिनीला ठावं होता का, दोगी येकच हान म्हून? का त्यालाबी कोनी सांगला नव्हता? ना मीच येकली व्हती त्या दिशी, जिला म्हायती व्हता ना सांगाव न्हाय झाला?"

वैशालीनं बोट मागं घेतलं. टॅबचा उजेड थोड्या वेळानं आपोआप मंदावला, मग विझला, आणि काळ्या काचेत तिला तिचंच तोंड दिसलं. सोळा वर्षांची नोकरी त्या तोंडावर होती. घर होतं, गुरुवारची मीटिंग होती. दीपेशनं तक्त्याकडं बघत सांगितलेला लॉग होता. हौसा वाट बघत होती. तिचे हात सुकटीत तसेच थांबले होते, आणि उत्तर नाही आलं तरी ती रागावणार नव्हती. पुन्हा निवडायला लागणार होती, बस्स, आणि मरेपर्यंत उभ्यानं दोन घास खाणार होती.

वैशालीनं टॅब उलटा करून जमिनीवर ठेवला. हौसाचे दोन्ही हात टोपलीतून काढून आपल्या हातात धरले. माशांचा खारट वास तिच्या तळव्यांना लागला.

"मावशी, तुम्ही चुकला नाहीत," ती म्हणाली. "मशीननं विचारलं होतं. त्या गुरुवारी, तुम्ही दोघी माझ्यापुढं उभ्या होतात तेव्हा. ही तीच का, म्हणून मला विचारलं होतं. मनालीनं तोंडानं सांगितलं होतं मला. मला माहीत होतं ती तीच आहे. तरी मी नाही दाबलं."